पैसा, संघातलं राजकारण आणि वाद: मोटर रेसिंगबद्दल बेळगावात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उद्यमबागेत आमचं छोटं मशीन शॉप आहे. युरोपातली फॉर्म्युला वन शर्यत आपल्याकडे बहुतेक रविवारी संध्याकाळी साडेसहाला सुरू होते. तेव्हा शॉपच्या मागच्या खोलीत दहा-बारा जण जमतात. इंजिनिअरिंगची पोरं, शेजारच्या फाउंड्रीतले दोघे, आणि जमेल तेव्हा खानापूरहून येणारा माझा मावसभाऊ. शर्यत दीड-दोन तासांत संपते, पण प्रश्न पुढच्या रविवारपर्यंत चालतात. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे उत्तरांसह लिहून ठेवतोय.

काका, हे सगळं आधी ठरलेलंच असतंय काय?

नाही. पण एकदा खरोखरच ठरलं होतं, आणि ते नीट समजून घ्यायला हवं.

२८ सप्टेंबर २००८, सिंगापूर. रात्री दिव्यांच्या उजेडात झालेली फॉर्म्युला वनची पहिलीच शर्यत. रेनॉ संघाचा फर्नांडो अलोन्सो पंधराव्या क्रमांकावरून सुटला. अरुंद शहरी रस्ता, पुढे जायला जागा नाही. संघानं त्याला बाराव्या फेरीतच पेट्रोल-टायरसाठी पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या थांब्यावर, बोलावलं. इतक्या लवकर कोणी येत नाही, म्हणून तेव्हा सगळे बुचकळ्यात पडले. दोन फेऱ्यांनी त्याच संघाचा दुसरा ड्रायव्हर, नेल्सन पिके ज्युनिअर, सतराव्या वळणावर भिंतीला धडकला. नेमकी अशी जागा, जिथे गाडी उचलायला क्रेन नव्हती. सेफ्टी कार, म्हणजे अपघातानंतर सगळ्यांना हळू आणि रांगेत धावायला लावणारी गाडी, बाहेर आली, बाकीच्यांना पिटमध्ये जावं लागलं आणि अलोन्सो फुकटात पुढे आला. शर्यत त्यानं जिंकली.

त्याच गडबडीत आघाडीवर असलेला फेरारीचा फेलिपे मासा पेट्रोलची नळी गाडीला अडकलेलीच असताना पिटमधून सुटला. शेवटी तेरावा आला. त्या वर्षीचं विजेतेपद लुईस हॅमिल्टनकडे गेलं, फरक एका गुणाचा. ९८ आणि ९७.

२००९ मध्ये पिकेला संघातून काढलं, तेव्हा त्यानं सांगितलं की धडक मुद्दाम मारली होती, वरून सांगितल्यामुळे. संघप्रमुख फ्लाव्हिओ ब्रियातोरे आणि इंजिनिअर पॅट सिमंड्स यांना संघ सोडावा लागला. एफआयएनं, म्हणजे जागतिक मोटर स्पोर्ट चालवणाऱ्या संस्थेनं, ब्रियातोरेवर बेमुदत बंदी घातली. जानेवारी २०१० मध्ये फ्रान्सच्या न्यायालयानं ती बंदी उठवली. २०२४ मध्ये हाच माणूस रेनॉच्याच मालकीच्या आल्पिन संघात सल्लागार म्हणून परतला. मासानंही त्या हुकलेल्या विजेतेपदावरून २०२४ मध्ये लंडनच्या न्यायालयात दावा दाखल केला.

आपल्याकडे आखाड्यात नुरा कुस्ती म्हणतात ना, तशी ही होती. फक्त नुरा कुस्तीत कुणाचा जीव जात नाही. इथे वेगानं धावणारी गाडी भिंतीवर घातली गेली. बाजूला मार्शल उभे असतात, मागून इतर गाड्या येतात. मला सगळ्यात जास्त राग याचाच आहे.

मग एकाच संघाच्या ड्रायव्हरनं दुसऱ्याला पुढे सोडणं ही नुरा कुस्ती नव्हे का?

दिसायला तशीच, पण मी ती वेगळी धरतो. संघाच्या दोन गाड्या असतात आणि गुण दोन ठिकाणी मोजले जातात: ड्रायव्हरचे वेगळे, संघाचे वेगळे. संघाला बक्षिसाची रक्कम संघाच्या गुणतालिकेवर मिळते. त्यामुळे मालक हिशेब करणारच.

२००२ च्या ऑस्ट्रियन शर्यतीत फेरारीचा रुबेन्स बारिकेलो पहिल्यापासून पुढे होता. शेवटच्या सरळ रस्त्यावर त्यानं वेग कमी केला आणि त्याच संघाच्या मायकेल शूमाखरला जिंकू दिलं. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. शूमाखरनं लाजून बारिकेलोला पहिल्या पायरीवर उभं केलं, तर समारंभाचा शिष्टाचार मोडला म्हणून दहा लाख डॉलरचा दंड झाला. त्यानंतर संघाच्या आदेशांवर बंदी आली. मग काय झालं? आदेश थांबले नाहीत, आडून द्यायला लागले. २०१० मध्ये अलोन्सोही फेरारीत होता, तेव्हा जर्मनीत मासाला रेडिओवर सांगितलं गेलं, ‘फर्नांडो तुझ्यापेक्षा वेगवान आहे.’ ऐकणाऱ्या शेंबड्या पोरालाही अर्थ कळला. एक लाख डॉलर दंड झाला आणि २०११ पासून बंदीच काढून टाकली.

माझ्या मते ते बरोबर झालं. आता आदेश रेडिओवर सगळ्या जगाला ऐकू येतात. २०२४ च्या हंगेरीत मॅक्लारेनच्या लँडो नॉरिसला आघाडी ऑस्कर पियास्त्रीला परत द्यायला सांगत होते, तेव्हा तो कितीतरी फेऱ्या ऐकत नव्हता. आमच्या खोलीतही दोन तट पडले. पण लपलेलं काही नव्हतं. प्रेक्षकाला कळतंय, मग तो हवं तर हुर्यो उडवेल. पिकेची धडक कुणालाच कळली नव्हती, फरक तिथे आहे.

एवढा पैसा येतो कुठून?

तीन मोठे स्रोत: शर्यत भरवणारे देश आणि शहरं जी फी देतात ती, टीव्ही-इंटरनेटचे हक्क, आणि प्रायोजक. २०२३ मध्ये फॉर्म्युला वन कंपनीचं उत्पन्न ३२० कोटी डॉलरच्या वर होतं, आणि त्यातले सुमारे १२१ कोटी दहा संघांना वाटले गेले. कंपनीची मालकी २०१७ पासून अमेरिकेच्या लिबर्टी मीडियाकडे आहे. त्याआधी कित्येक वर्षं सूत्रं बर्नी एकलस्टन यांच्या हाती होती.

पण जुना पैसा कुठला, हे निपाणीच्या माणसांनी तरी जाणून घ्यायलाच हवं. तो तंबाखूचा होता. १९६८ मध्ये लोटस संघानं गाडी सिगारेटच्या पाकिटाच्या रंगात रंगवली. पुढे मार्लबोरोचा लाल-पांढरा रंग १९७४ ते १९९६ मॅक्लारेनवर राहिला, मग फेरारीवर आला. १९९७ मध्ये ब्रिटनमध्ये तंबाखूच्या जाहिरातींवर बंदी येऊ घातली होती, तिच्यातून फॉर्म्युला वनला सूट मिळणार असं जाहीर झालं. मग बाहेर आलं की एकलस्टन यांनी सत्ताधारी लेबर पक्षाला दहा लाख पौंडांची देणगी दिली होती. पक्षाला ती परत करावी लागली. युरोपात जाहिरातीवर पक्की बंदी २००५ च्या जुलैअखेर आली. नाव गेलं, तरी फेरारीच्या गाडीवर २०१० पर्यंत बारकोडसारख्या रेघा होत्या, त्याही आक्षेप घेतल्यावर काढल्या.

निपाणीत वखारीच्या दारात उभं राहिलं की तंबाखूच्या वासानं डोळ्यांना पाणी येतं. तिथे विड्या वळणाऱ्या बायका आणि भावासाठी १९८१ मध्ये रस्त्यावर उतरलेले शेतकरी आपल्या घरातले आहेत. त्याच पिकाच्या धंद्यातून जगाच्या दुसऱ्या टोकाला करोडोंच्या गाड्या धावत होत्या. पिकवणारा आणि वळणारा त्या साखळीत कुठे होता, हे मी त्या काळातल्या शर्यतींची चित्रफीत पाहताना विसरू शकत नाही.

वाटणीत राजकारण कसं होतं?

वाटणीचा करार असतो, त्याला कॉनकॉर्ड करार म्हणतात. पहिला १९८१ चा. तो गुप्त असतो आणि दर काही वर्षांनी नव्यानं होतो, म्हणून नूतनीकरणाची वेळ आली की संघ रुसून बसतात. १९५० पासून अखंड असलेला संघ एकच, फेरारी. त्यामुळे त्यांना वेगळा जादा हिस्सा मिळतो. थोरल्या भावाचा वाटा, तसं समजा.

नवा संघ आला की प्रत्येकाचा वाटा घटतो. म्हणून २०२१ च्या करारात अट होती, नव्या संघानं आधीच्या संघांना २० कोटी डॉलर भरपाई द्यायची. अमेरिकेच्या अँड्रेटी कुटुंबाला एफआयएनं मान्यता दिली, पण जानेवारी २०२४ मध्ये व्यापारी हक्क असलेल्या कंपनीनं नकार दिला. अमेरिकेत यावर सरकारी चौकशी सुरू झाली. पुढे जनरल मोटर्सनं कॅडिलॅकच्या नावानं अर्ज नेला आणि २०२६ पासून अकरावा संघ म्हणून जागा मिळवली. भाऊबंदकी आपल्याकडेच असते असं कुणी समजू नये.

खर्चावर मर्यादा आहे म्हणे, मग तरी श्रीमंत संघच का जिंकतात?

मर्यादा २०२१ पासून आहे. पहिल्या वर्षी साडेचौदा कोटी डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दरानं हजार कोटी रुपयांच्या वर. त्यातही ड्रायव्हरचा पगार, सगळ्यात जास्त पगाराच्या तिघांचा पगार आणि जाहिरातीचा खर्च धरत नाहीत. शिवाय श्रीमंत संघांनी मर्यादा येण्याआधीच पवनबोगदे (वाऱ्याच्या झोतात गाडी तपासायची सोय), यंत्रं, माणसं उभी केली होती.

२०२१ मध्ये रेड बुलनं ही मर्यादा मोडली. जादा खर्च निघाला १८ लाख ६४ हजार पौंड, म्हणजे १.६ टक्के. वादाच्या बाबींत कॅन्टीनचा खर्चही होता. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण स्वतःचा कारखाना असलेल्या माणसाला विचारा, चहा-नाश्त्याचं बिल कुठल्या खात्यात टाकायचं यावरून ऑडिटर किती डोकं खातो. शिक्षा झाली ७० लाख डॉलर दंड आणि पवनबोगद्यातल्या चाचणीत दहा टक्के कपात. काहींना ती कमी वाटली. मला दंड कमी वाटतो, पण कपात योग्य वाटते. पैशावाल्याला पैशाचा दंड चावत नाही, वेळेचा चावतो.

पैसे देऊन सीट मिळते, हे खरं?

खरं. आणि नवं नाही. निकी लाउडानं सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला आयुर्विम्याची पॉलिसी तारण ठेवून बँकेकडून कर्ज काढलं आणि मार्च संघात जागा विकत घेतली. पुढे तो तीनदा जगज्जेता झाला. व्हेनेझुएलाच्या सरकारी तेल कंपनीच्या पैशावर आलेला पास्टोर माल्डोनाडो टर उडवून घ्यायचा, पण २०१२ मध्ये स्पेनची शर्यत त्यानं जिंकली. म्हणून पैसे आणणारा प्रत्येक जण नालायक, असं मी म्हणत नाही. दुसरी बाजू बघा. फेलिपे ड्रुगोविच २०२२ मध्ये फॉर्म्युला टूचा, म्हणजे फॉर्म्युला वनच्या लगेच खालच्या स्पर्धेचा, विजेता झाला, तरी त्याला फॉर्म्युला वनच्या शर्यतीत जागा मिळाली नाही. मला दुखतं ते तिथे. दारात उभा राहिलेला, परीक्षा पहिल्या नंबरानं पास झालेला पोरगा.

विजय मल्ल्यांच्या संघाचं शेवटी काय झालं?

हा प्रश्न इथे फार विचारला जातो, कारण माणूस कर्नाटकातून राज्यसभेवर गेलेला. २००७ मध्ये त्यांनी भागीदारासह स्पायकर संघ घेतला, २००८ पासून तो फोर्स इंडिया झाला. २००९ मध्ये बेल्जियममध्ये जियानकार्लो फिसिकेलानं पहिलं स्थान पटकावून सुरुवात केली आणि दुसरा आला. त्या दिवशी आम्ही पेढे वाटले होते. २०११ मध्ये सहारानं मोठा हिस्सा घेतला. मग किंगफिशर एअरलाइन्स २०१२ मध्ये बंद पडली, तिच्या कर्मचाऱ्यांचे पगार थकले, आणि मार्च २०१६ मध्ये मल्ल्या देशाबाहेर गेले.

२०१८ च्या जुलैत संघ दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेला. अर्ज कुणी केला? संघाचाच ड्रायव्हर सर्जिओ पेरेझ यानं, त्याचे पैसे थकले होते. तेव्हा अनेकांनी त्याला घरभेदी म्हटलं. खरं तर संघ कायमचा बंद पडण्याआधी प्रशासकाच्या हाती जावा म्हणून ते पाऊल होतं. ४०५ माणसांच्या नोकऱ्या वाचल्या. कॅनडाच्या लॉरेन्स स्ट्रोल यांच्या गटानं मालमत्ता घेतली, पण नवा संघ म्हणून नोंद झाल्यानं आधीचे ५९ गुण पुसले गेले. आज त्याच जागी ॲस्टन मार्टिन संघ चालतो. ‘इंडिया’ हे नाव गेलं, पण लेथवर उभा असलेला कामगार कामावर राहिला. मला दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते.

झेरॉक्सच्या दुकानातून चोरी पकडली गेली, ही दंतकथा आहे का?

शब्दशः खरी. २००७ मध्ये फेरारीतल्या एका असंतुष्ट माणसाकडून ७८० पानांची तांत्रिक कागदपत्रं मॅक्लारेनच्या मुख्य डिझायनरकडे गेली. त्याच्या बायकोनं ती घराजवळच्या कॉपी सेंटरमध्ये नेली. तिथल्या कर्मचाऱ्यानं फेरारीचा शिक्का पाहिला, त्याला खटकलं, आणि त्यानं सरळ इटलीला कळवलं.

पण मॅक्लारेन बुडाली ती घरच्या भांडणानं. अलोन्सो आणि हॅमिल्टन त्या वर्षी एकाच संघात, दोघांत विस्तव जात नव्हता. अलोन्सोचे ईमेल पुरावा म्हणून एफआयएकडे पोचले. दहा कोटी डॉलरचा दंड झाला, संघाचे गुण रद्द झाले. दोघे ड्रायव्हर १०९-१०९ गुणांवर राहिले आणि फेरारीचा किमी रायकोनेन ११० गुणांनी जिंकला. उद्यमबागेत कुणाकडेही कंपनीचं ड्रॉइंग येतं, त्यावर ‘गोपनीय’ छापलेलं असतं. ते कोपऱ्यावरच्या दुकानात झेरॉक्सला पाठवताना माझा हात आता अडखळतो.

अबू धाबी २०२१ मध्ये नक्की अन्याय झाला का?

झाला, असं मी ठामपणे म्हणतो, आणि मी मॅक्स व्हर्स्टापेनचा चाहता असून म्हणतो. तो आणि हॅमिल्टन, दोघेही ३६९.५ गुणांवर शेवटच्या शर्यतीत आले होते. हॅमिल्टन आरामात पुढे होता. शेवटच्या काही फेऱ्यांत निकोलस लटिफीची गाडी धडकली, सेफ्टी कार आली. व्हर्स्टापेननं नवे टायर घातले, हॅमिल्टनचे जुनेच. दोघांच्या मधे एक फेरी मागे पडलेल्या पाच गाड्या होत्या. शर्यत संचालक मायकल मासी यांनी फक्त त्याच पाच गाड्यांना पुढे काढून दिलं, बाकीच्यांना नाही, आणि लगेच एक फेरी शर्यत सोडली. व्हर्स्टापेन पुढे गेला, विजेतेपदाचा निकाल तिथेच लागला.

नियमात होतं की मागे पडलेल्या ‘कोणत्याही’ गाड्यांना जाऊ देता येईल. संघांनी स्टुअर्डांपुढे, म्हणजे शर्यतीच्या पंचांपुढे, याच शब्दाचा कीस काढला. मासी यांना फेब्रुवारी २०२२ मध्ये पदावरून दूर केलं. एफआयएच्या अहवालात मानवी चूक झाल्याचं, पण हेतू स्वच्छ असल्याचं म्हटलं. नियमातला शब्द बदलून ‘सर्व’ केला. सीमाभागात राहून, सरकारी कागदातल्या एकेका शब्दासाठी वर्षानुवर्षं झगडणाऱ्या आपल्या लोकांना या बदलाचं महत्त्व वेगळं समजावायला नको.

एक-दोन मिलिमीटरसाठी बाद करतात, हे अति नाही का?

नाही. गाडीच्या तळाला पट्टी असते, नवी असताना १० मिलिमीटर जाड. घासून ९ च्या खाली गेली की बाद. २०२३ मध्ये अमेरिकेत हॅमिल्टन आणि लेक्लेर यामुळेच बाद झाले. २०२४ मध्ये बेल्जियम जिंकूनही जॉर्ज रसेलची गाडी दीड किलोनं हलकी भरली, विजय गेला. मापात बसत नाही तो जॉब रिजेक्ट. हा खेळातला एकमेव भाग आहे जिथे ओळख चालत नाही.

भारतातली शर्यत का बंद पडली?

ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर २०११, २०१२, २०१३ अशा तीन शर्यती झाल्या. तिन्ही सेबास्टियन व्हेटेलनं जिंकल्या. उत्तर प्रदेश सरकारनं याला खेळ न मानता मनोरंजन मानलं, करमणूक कर लावला. आयात सामानावर सीमाशुल्काची कटकट, आणि आयकर खातं म्हणत होतं की कंपनीला इथे कर भरावा लागेल. एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही आयकर खात्याचंच म्हणणं मानलं. तोवर शर्यत कधीच गेली होती. हैदराबादची फॉर्म्युला ई, म्हणजे विजेवरच्या गाड्यांची, शर्यत फेब्रुवारी २०२३ मध्ये झाली, राज्यात सरकार बदललं आणि २०२४ ची रद्द. एका सरकारच्या उत्साहावर उभी राहिलेली शर्यत दुसऱ्या सरकारच्या फायलीत अडकते.

माझ्या मुलाला रेसर व्हायचंय. बेळगावातून शक्य आहे का?

सुरुवात शक्य आहे. आपल्यापासून दोन तासांवर कोल्हापूरजवळ मोहिते यांचा कार्टिंगचा, म्हणजे छोट्या उघड्या गाड्यांचा, ट्रॅक आहे. कोल्हापूरचाच कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीपर्यंत गेला. पुढे कोइम्बतूर आणि चेन्नईचे ट्रॅक, तिथे राष्ट्रीय स्पर्धा होतात. त्यानंतर परदेश, आणि खर्च तिथे डोळे पांढरे करतो. फॉर्म्युला वनच्या परवान्याला साधारणपणे १८ वर्षं पूर्ण लागतात आणि तीन हंगामांत खालच्या स्पर्धांतले ४० गुण.

नारायण कार्तिकेयन २००५ मध्ये टाटांच्या पाठबळावर पोचला. त्याचे पाच गुण इंडियानापोलिसला आले, जिथे मिशेलिन टायरच्या वादामुळे फक्त सहाच गाड्या धावल्या. बंगळूरचा कुश मैनी फॉर्म्युला टूमध्ये धावलाय आणि २०२५ मध्ये त्यानं मोनॅकोत छोटी शर्यत जिंकली. तेव्हा पोराला जरूर कार्टमध्ये बसवा. पण शेत विकू नका. हे मी येळ्ळूरच्या एका बापाला हात जोडून सांगितलंय. शेत तारण ठेवून पोराच्या डोक्यावर ओझं टाकलं की पोरगं चुकायला घाबरतं, आणि घाबरलेलं पोरगं वेगानं चालवत नाही.

आपल्या कारखान्यांना या खेळात काम मिळेल का?

मिळतं. बेळगावच्या फाउंड्री आणि मशीन शॉपचा हात चांगला आहे. मीही एकदा एका रेसिंग संघाचं काम घेतलं होतं. चार व्हील हब, ईएन-२४ पोलादाचे. बेअरिंग बसते ती जागा १० मायक्रॉनच्या आत ठेवायची होती. पहिला हब मी स्वतः लेथवर घेतला. शेवटचा कट घेण्याआधी जॉब थंड होऊ दिला, रात्री साडेअकराला मोजला. मायक्रोमीटरचा काटा हवा तिथे थांबला तेव्हा जे वाटलं ते अजून आठवतं. तीन हब पाठवले. मग त्यांचा प्रायोजक मागे हटला, फोन उचलेनासे झाले आणि बिल राहिलं ते राहिलंच. मालाचे पैसे, हीट ट्रीटमेंटचे पैसे माझ्या खिशातून गेले.

तेव्हापासून नियम केलाय: माल पार्टीचा, निम्मी रक्कम आगाऊ, लेखी ऑर्डरशिवाय लेथचा चक फिरत नाही. समोर कितीही मोठं नाव असो. संघ बुडतो तेव्हा ड्रायव्हरला वकील असतो, आपल्यासारख्या जॉबवर्कवाल्याला नसतो.

चौथा हब तेलाचा हात लावून ऑफिसच्या कपाटात ठेवलाय. कॉलेजची पोरं आली की त्यांच्या हातात देतो आणि मोजायला सांगतो.